फूलच नाही : फुजी सफरचंदाच्या एका बागेचं प्रकरण

बाग लहान आहे. फुजी वाणाची ४० झाडं आणि परागासाठी त्यांच्याच ओळींत मधूनमधून लावलेली गालाची ६. सगळी एमएम १०६ या मध्यम वाढीच्या खुंटावर कलम केलेली, ४ मीटर अंतरावर, मोकळ्या उतारावर. खालच्या अंगाला वारा अडवायला लावलेली उंच झाडांची एक ओळ. हे प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा बागेचं नववं वर्ष चालू होतं. वसंत आला, गालाची झाडं शेंड्यापासून बुडापर्यंत फुलली, आणि फुजीच्या ४० झाडांवर मिळून जेमतेम टोपलीभर फुलं. पानं मात्र गर्द, तजेलदार. कीड नाही, रोग नाही. "झाडं इतकी छान दिसतायत, मग फूल का नाही?" हा मालकीणबाईंचा प्रश्न होता, आणि तो अगदी नेमका होता, कारण "फळ का नाही" असं त्यांनी विचारलं नव्हतं.

हा फरक सुरुवातीलाच धरून ठेवावा लागतो. फळ न लागण्याची कारणं त्याच वर्षाच्या वसंतात शोधायची असतात. फूल न येण्याची कारणं आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात.

बाईंकडे एक वही होती. लागवडीपासूनच्या नोंदी, तारखांसकट. त्या वहीमुळेच हे प्रकरण सुटलं, म्हणून तिच्यातला मजकूर थोडक्यात सांगतो. सहाव्या वर्षी पहिलं धड पीक आलं, मध्यम. सातव्या वर्षी ऐन फुलोऱ्यात एका पहाटे पारा उणे ४ अंशांपर्यंत उतरला. पूर्ण उमललेल्या सफरचंदाच्या फुलांना उणे २.२ अंश सेल्सिअस अर्धा तास सोसावं लागलं, तर दहातलं एक मरतं. उणे ३.९ ला दहातली नऊ मरतात. अशा फुलाच्या पाकळ्या एक-दोन दिवस पांढऱ्याशुभ्रच राहतात, बाहेरून काही कळत नाही. ब्लेडने फूल उभं चिरलं की मधला स्त्रीकेसर काळा पडलेला दिसतो. बाईंनी चिरून पाहिलं होतं आणि वहीत एकच शब्द लिहिला होता : "गेलं."

आठव्या वर्षी मात्र फुलोरा असा आला की पानं दिसेनात. फळंही तशीच लागली, एकेका झुपक्यात चार-चार, पाच-पाच. एका झाडावर त्यांनी मोजली तर ८०० च्या पुढे गेली. बाईंनी विरळणी केली, नीट केली, आणि शेवटी दर झाडावर सरासरी ३१० फळं ठेवली. आकार चांगला आला, रंग चांगला आला. त्या वर्षीच्या पिकाबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती.

आणि नववं वर्ष असं.

मी पोचायच्या आधी बाईंना तीन सल्ले मिळाले होते. मधमाश्या कमी पडल्या, पेट्या आणा. हिवाळा पुरेसा थंड नव्हता, हा वाण तुमच्याकडे चालायचा नाही. झाडं उपाशी आहेत, नत्र द्या. यातला तिसरा सल्ला अमलात आला होता, नत्राचा एक हप्ता पडलाही होता.

मधमाश्यांचा मुद्दा पाच मिनिटांत निकालात निघाला. परागीकरण चुकलं तर फुलं येतात, उमलतात आणि मग गळतात. फूलच आलं नाही तर मधमाशीला दोष देता येत नाही. तरी बाईंची खात्री पटावी म्हणून एक गोष्ट केली. फुजी फार टिकतं, थंड जागी महिनोन्‌महिने राहतं. मागच्या मोसमातली काही फळं त्यांच्याकडे अजून होती. त्यातली चार-पाच आडवी कापली. सफरचंदाच्या पोटात पाच कप्पे असतात आणि प्रत्येकात साधारणपणे दोन बिया धरू शकतात, म्हणजे भरलेल्या फळात दहा. परागीकरण अर्धवट झालं असेल तर काही कप्पे रिकामे राहतात आणि फळ त्या बाजूने चेपलेलं दिसतं. इथे फळं गोल होती आणि बिया आठ, नऊ, एका फळात पुऱ्या दहा. गाला आणि फुजीचं जमत होतं, मधमाश्या आपलं काम चोख करत होत्या. त्या भरलेल्या बिया मी कागदावर काढून ठेवल्या, कारण पुढे त्यांच्याबद्दलच बोलायचं होतं.

थंडीचा मुद्दा थोडा जास्त वेळ घेणारा. सफरचंदाच्या झाडाला हिवाळी झोप पुरी व्हायला थंडी लागते. साधा हिशोब ७.२ अंशांखालच्या तासांचा करतात. ॲना, डॉर्सेट गोल्डन यांसारख्या वाणांना ३०० तासांच्या आतही भागतं, नेहमीच्या बऱ्याच वाणांना त्याच्या दुपटी-तिपटीहून अधिक लागते. पण थंडी कमी पडलेलं झाड लपत नाही. त्याच्या कळ्या उशिरा आणि मागेपुढे फुटतात, फांद्यांचे लांबच्या लांब तुकडे उघडे राहतात, फुलोरा आठवडेच्या आठवडे रेंगाळतो, आणि पानंही विरळ येतात. इथे प्रत्येक कळी वेळेवर फुटली होती. ती फुटून पानं देत होती, फूल देत नव्हती, एवढंच. शिवाय शेजारची गाला त्याच हिवाळ्यातून गेली होती आणि लगडून फुलली होती.

नत्राबद्दल मला ठाम बोलावंसं वाटतं. फळाविना असलेल्या झाडाला नत्र देणं म्हणजे त्याला फांद्या वाढवायला लावणं. या झाडांवर आदल्या वर्षीची शेंड्याची वाढ ३५ ते ४० सेंटिमीटर होती. फळत्या झाडाला ती अगदी योग्य. उपासमारीचं एकही लक्षण नव्हतं. नवव्या वर्षी फळांचं ओझं नसल्याने वाढ तशीही जोरात होणार होती. त्यात नत्राची भर पडली आणि हंगामाच्या शेवटी त्याच शेंड्यांनी ७० सेंटिमीटर गाठले, आतल्या भागात पाणसोट, म्हणजे फळ न देणारे सरळसोट जोमदार फुटवे, उभे राहिले. पुढचा हप्ता थांबवला.

मग आम्ही झाडाजवळ गेलो आणि फांद्या वाचायला बसलो.

सफरचंदाचं बहुतेक फळ आखूड, खरबरीत, बोटभर फांद्यांवर येतं. त्यांना स्पर म्हणतात. स्परवर झाडाचा जमाखर्च लिहिलेला असतो. एका वर्षाची वाढ जिथे थांबते तिथे बारीक वळ्यांचा गोट दिसतो. दोन गोटांमधलं अंतर म्हणजे एक वर्ष. ज्या वर्षी त्या टोकाला फुलांचा झुपका आला असेल, तिथे फुगलेली, गुळगुळीत गाठ राहते आणि तिच्यावर फळाचा देठ सुटल्याचा गोल व्रण. त्या गाठीच्या कडेने नवी कळी निघते. ती कळी जाड, गोलसर आणि लवदार असेल तर तिच्यात फूल आहे. बारीक, टोकदार आणि फांदीला चिकटून असेल तर फक्त पानं. कळ्या फुटण्याआधी नुसत्या नजरेने हे बरंचसं ओळखू येतं. फुटल्यावर तर प्रश्नच नाही.

आम्ही एकेक स्पर हातात धरून मागे मागे वाचत गेलो. आठव्या वर्षाच्या जागी गाठ आणि व्रण. सातव्या वर्षाच्या जागी गाठ आहे पण फळाचा व्रण नाही, थंडीने मेलेल्या फुलांची खूण. नवव्या वर्षी पानांचा झुपका. पुढचा स्पर तसाच, त्याच्या पुढचाही तसाच. जवळजवळ प्रत्येक स्परने आठव्या वर्षी फळ दिलं होतं आणि जवळजवळ प्रत्येक स्पर नवव्या वर्षी मोकळा होता. १०० स्पर मोजले तर त्यातल्या ३ वर फूल.

आणि मग ती फांदी. दुसऱ्या ओळीच्या टोकाच्या झाडाची एक खालची फांदी वाटेवर येते. त्या टोपलीभर फुलांपैकी निम्मी या एकाच फांदीवर होती. बाईंना वाटत होतं की ती कडेला असल्याने तिला ऊन जास्त मिळतं. मी विचारलं, मागच्या वर्षी या फांदीचं काय केलं होतं? त्यांनी वही उघडली. आठव्या वर्षी, फुलोरा संपून दुसरा आठवडा : "वाटेवरच्या फांदीची सगळी बाळफळं काढली. हातगाडीला लागतात." या फांदीवरचे १०० स्पर मोजले. ६० फुललेले.

तेच झाड, तेच खोड, तीच मुळं, तेच खत, तोच हिवाळा, त्याच मधमाश्या. फरक एकच, की या फांदीवरची फळं दुसऱ्या आठवड्यात गेली आणि बाकीच्या झाडावरची उशिरापर्यंत राहिली. मुद्दाम प्रयोग करायला घेतला असता तरी याहून स्वच्छ उत्तर मिळालं नसतं.

रोगाचं नाव नवीन नाही : वर्षाआड फळणं. एक भराचं वर्ष, एक खाड्याचं. काही वाणांत ही खोड उपजत असते. गालात ती कमी, फुजीत बरीच. पण खोड असणं आणि ती उठणं वेगळं. ती उठायला बहुधा एखादा धक्का लागतो, आणि इथे तो सातव्या वर्षीच्या थंडीने दिला. त्या वर्षी फळ नव्हतं म्हणून प्रत्येक स्परने आठव्या वर्षासाठी फूल तयार केलं. आठव्या वर्षी प्रत्येक स्परला फळ लागलं म्हणून नवव्यासाठी कुणीच केलं नाही. एकदा सगळे स्पर असे एका तालात आले की झाड आपणहून त्यातून बाहेर पडत नाही.

असं का होतं, हे समजून घेतल्याशिवाय उपायाची तारीख ठरत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. पुढच्या वसंताचं फूल या उन्हाळ्यात ठरतं. पूर्ण फुलोऱ्यानंतर साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात स्परच्या टोकाची कळी एका वळणावर येते : फूल व्हायचं की पान. नेमक्या त्याच आठवड्यांत शेजारी, दोन सेंटिमीटरवर, चालू वर्षाचं बाळफळ वाढत असतं आणि त्याच्या पोटात बिया भरत असतात. त्या कोवळ्या बिया जिबरेलिन नावाची संप्रेरकं तयार करतात, आणि जिबरेलिन कळीला फुलाकडे वळू देत नाही.

हे बियांचंच काम आहे, फळाच्या वजनाचं नुसतं नाही, हे दाखवणारा एक सुंदर प्रयोग १९६७ मध्ये चॅन आणि केन यांनी प्रसिद्ध केला. स्पेन्सर सीडलेस नावाचं एक सफरचंद आहे. त्याच्या फुलाला पाकळ्याच नसतात, त्यामुळे मधमाश्या फिरकत नाहीत, आणि परागाशिवायच बिनबियांचं फळ धरतं. हाताने पराग लावला तर त्याच झाडावर बियांचं फळ मिळतं. बिनबियांचं फळ असलेले स्पर पुढच्या वर्षीही फुलले. बिया असलेल्या फळांच्या स्परवर फूल फारसं आलंच नाही. अन्नसाठ्याचाही वाटा असतो, एका फळाला नीट पोसायला ३० ते ४० पानं लागतात आणि ८०० फळं बाळगणाऱ्या झाडाकडे ती नसतात. पण तारीख ठरते ती बियांमुळे.

मी कागदावर काढून ठेवलेल्या बिया इथे पुन्हा बाईंसमोर सरकवल्या. चांगलं परागीकरण म्हणजे भरपूर बिया, भरपूर बिया म्हणजे गोल, घट्ट धरून राहणारं फळ, आणि त्याच बिया म्हणजे पुढच्या वर्षीचा खाडा. पेट्या वाढवण्याचा सल्ला ऐकला असता तर भराच्या वर्षाने आणखी जोर धरला असता.

"पण मी विरळणी केली होती," बाई म्हणाल्या. "८०० ची ३१० केली. मग?"

या प्रकरणाचं उत्तर या "मग?" मध्ये आहे. फुजीला खोडाच्या छेदाच्या दर चौरस सेंटिमीटरमागे ४ फळं हा मला मानवणारा हिशोब आहे. या झाडांचा घेर, कलमाच्या जोडाच्या वीतभर वर, सरासरी २८ सेंटिमीटर होता. घेराचा वर्ग करून १२.५७ ने भागला की छेद निघतो : ६२ चौरस सेंटिमीटर. म्हणजे साधारण २५० फळं. बाईंनी ३१० ठेवली होती, म्हणजे ५ च्या हिशोबाने. थोडी जास्त, पण आकडा वेडावाकडा नाही. नुसत्या आकड्यावर जाऊन १०० तले ३ स्पर फुलावेत, असं होत नाही.

वहीतली तारीख पाहिली. विरळणी फुलोऱ्यानंतर सातव्या आठवड्यात सुरू झाली आणि दहाव्यात संपली.

असं का, तर झाड स्वतःहून काही बाळफळं गाळतं ती गळ होऊन जाऊ द्यावी आणि मगच हात लावावा, असं त्यांना शिकवलेलं होतं. हा सल्ला सरसकट चुकीचा नाही. नियमित फळणाऱ्या वाणात तो चालून जातो, आणि विरळणी उशिरा केली तरी उरलेल्या फळाचा आकार सुधारतो. बाईंना आकार मिळालाच होता. पण कळीचा निर्णय तोवर होऊन गेलेला असतो. सातव्या आठवड्यात काढलेल्या फळाच्या बियांनी आपलं काम उरकलेलं असतं, ते फळ टोपलीत पडलं तरी शेजारची कळी पानाचीच राहते. वर्षाआड फळणाऱ्या वाणात उशिराची विरळणी चालू वर्षाचं भलं करते, पुढच्या वर्षाचं काहीच करत नाही. किती फळं काढली, यापेक्षा ती कोणत्या आठवड्यात काढली, यावर पुढचा फुलोरा अवलंबून असतो, आणि सफरचंद लावणाऱ्या प्रत्येकाने आपल्या नोंदवहीत हा आठवडा लिहून ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

लोक उशीर का करतात, हेही समजण्यासारखं आहे. थंडी पुन्हा पडेल ही धास्ती असते. ज्याने एकदा अख्खा फुलोरा गमावला आहे, त्याचा हात फुलं खुडायला धजावत नाही. बाईंचा तर नाहीच.

नववं वर्ष गेलेलंच होतं, त्यात फूल आणता येणार नव्हतं. पण दहाव्या वर्षाची तयारी नवव्या वर्षीच करावी लागते, कारण रिकाम्या झाडावरचा प्रत्येक स्पर आता फूल तयार करणार, हे ठरलेलं. उन्हाळ्यात पाणसोट हाताने ओढून काढले, आतला भाग उजेडाला मोकळा केला. नत्र बंद. हिवाळ्याच्या शेवटी छाटणीआधी काही जाड कळ्या उभ्या चिरून भिंगाखाली पाहिल्या. कळीच्या पोटात हिरवट, दाण्यादाण्यांचा घुमट दिसला की ती फुलाची. जवळजवळ सगळ्या फुलाच्याच निघाल्या. एका झाडावर १००० च्या आसपास फुलकळ्या असाव्यात, असा अंदाज आला.

या वर्षी छाटणी वेगळी केली. फांद्या फारशा कापल्या नाहीत, स्पर कापले. फांदीच्या पोटाखालचे, लोंबते, सावलीतले, एकमेकांवर चढलेले जुनाट गुच्छ काढून १००० कळ्यांच्या ६०० केल्या. खाड्याच्या वर्षाआधी अशी छाटणी केली असती तर उरलीसुरली फुलंही गेली असती. ती भराच्या वर्षाआधीच करायची असते.

दहाव्या वसंतात कळ्या गुलाबी झाल्या आणि खरा वाद सुरू झाला. बाईंचं म्हणणं, प्रत्येक स्परवर एक फळ ठेवू, झाड सगळीकडून सारखं दिसेल. माझा आग्रह, काही स्पर पूर्ण रिकामे सोडायचे. कारण स्परवर फळ एकच असलं तरी ते भरल्या बियांचं असेल, तर तो स्पर पुढच्या वर्षी बहुधा गप्पच बसतो. सगळ्या स्परांना एकेक फळ दिलं तर सगळे पुन्हा एकाच तालात राहणार. ताल मोडायचा तर या वर्षी निम्म्यांनी काम करायचं आणि निम्म्यांनी पुढच्या वर्षाची कळी घडवायची. झाडांकडे वळून पाहत त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "शेवटच्या चार झाडांना माझ्या पद्धतीने करू दे. माझ्याने नाही होणार." तसंच ठरवलं. ती चार झाडं तुलनेसाठी ठेवली, जुन्या रीतीने, उशिरा विरळणी करायची.

बाकीच्या ३६ झाडांवर गुलाबी कळीच्या अवस्थेत ६०० पैकी २५० झुपके पूर्ण काढले. काढताना बुडाची पानं राखायची असतात. झुपक्याच्या देठांखाली अंगठ्याचं नख लावून फक्त कळ्या खुडायच्या, भोवतालचा पानांचा फेर तसाच ठेवायचा, कारण त्या पानांच्या जोरावरच पुढची कळी घडते. पहिल्या झाडाला बाईंना तास-दीड तास लागला, पुढे हात बसला. उरलेल्या ३५० झुपक्यांतली पाचही फुलं थंडीच्या विम्यासाठी ठेवली. झुपक्यातलं मधलं फूल आधी उमलतं आणि थंडीत आधी सापडतं, कडेची मागून येतात. ३५० झुपके म्हणजे १७५० फुलं, आणि पाहिजे होती २५० फळं. झुपके न काढलेल्या, गच्च फुललेल्या झाडावर शंभरातल्या पाच-दहा फुलांनी फळ धरलं तरी पीक पुरं होतं आणि इथे सातातल्या एकाने धरलं तरी पुरे, हे बाईंना आधी खरं वाटत नव्हतं. हा हिशोब मांडल्यावर त्यांचा जीव थोडा भांड्यात पडला. फुलोऱ्यात एका पहाटे पारा उणे १ पर्यंत गेला. त्याने काही बिघडलं नाही.

पाकळ्या गळून बाळफळं १० मिलिमीटरची झाली की दुसरा हात. प्रत्येक झुपक्यात एकच फळ, शक्यतो मधलं, जाड देठाचं. बारीक कात्रीने फळ कापायचं, देठ स्परवरच ठेवायचा, म्हणजे शेजारच्या फळाला हिसका बसत नाही. डागी, वाकडी, खालच्या अंगाला लोंबणारी आधी जातात. ज्या झुपक्यात सगळीच दुबळी, तो पूर्ण रिकामा. हे काम पूर्ण फुलोऱ्यानंतर चौथ्या आठवड्यात संपलं, झाडाची आपली गळ व्हायच्या आधीच. त्या गळीत आणखी काही पडली, ती हिशोबात धरलेली होती.

मोठ्या बागांत हेच काम फवारणीने करतात : एनएए आणि बेन्झिलअडेनिन ही वाढीवर परिणाम करणारी संप्रेरकांसारखी रसायनं, फुलोऱ्यात चुना-गंधक. कार्बारिल हे कीटकनाशकही वापरत आले आहेत, पण ते मधमाश्यांना घातक आहे आणि युरोपीय संघात त्याला परवानगी नाही. फवारणीचा परिणाम त्या दिवसांच्या तापमानावर आणि ढगांवर हेलकावे खातो. ४० झाडांसाठी मी हाताची विरळणीच सांगेन.

दहाव्या वर्षी ३६ झाडांवर सरासरी २४० फळं उतरली, चार झाडांवर ३२०. चार झाडांची फळं लहान होती पण एकूण वजन थोडं जास्तच भरलं, आणि काढणीच्या दिवशी बाईंनी ते मला आवर्जून दाखवलं. त्या वर्षापुरतं त्यांचं बरोबर होतं.

अकराव्या वसंतात पुन्हा स्पर मोजले. चार झाडांवर १०० तले ६ फुललेले. ३६ पैकी ३४ झाडांवर सरासरी ४५, कुठे ३५, कुठे ५५. एकाच फांदीवर फुललेला स्पर आणि त्याच्या शेजारी पानांचा, असं मिसळून आलेलं दृश्य या बागेत सातव्या वर्षानंतर पहिल्यांदा दिसलं. बाई ओळीतून चालत होत्या, मध्येच थांबून फांदी हातात घेत होत्या.

उरली दोन झाडं. विरळणी तीच, तारीख तीच, आणि फुललेले स्पर १०० तले १५. ती खालच्या कडेला, वाऱ्याच्या आडोशाला लावलेल्या उंच झाडांना लागून आहेत, दुपारनंतर पूर्ण सावलीत. मोकळ्या उन्हाच्या साधारण ३० टक्क्यांपेक्षा कमी उजेड मिळणारा स्पर, त्याच्यावर फळ असो वा नसो, फूल घडवत नाही. तिथे विरळणी कितीही वेळेवर केली तरी पुरत नाही.

अकराव्या वर्षी ३४ झाडांवर झुपके काढण्याची गरज नव्हती. शंभरातल्या फुललेल्या ४५ स्परांवर एकेक फळ ठेवायचं, पाचव्या आठवड्याच्या आत काम उरकायचं, एवढंच केलं. या वर्षीचं पीक दहाव्या वर्षापेक्षा थोडं कमी भरेल. झाडांचा घेर ३० सेंटिमीटरपर्यंत गेला आहे, म्हणजे हिशोबाने २८५ फळं झेपतील, पण ताल पुरता मोडेपर्यंत मी २४० च्या वर जाऊ देणार नाही. त्या चार झाडांचं हे खाड्याचं वर्ष आहे. त्यांचे स्पर आता फुलकळ्यांनी भरतील, म्हणून येत्या हिवाळ्यात त्यांचीही स्पर-छाटणी आहे, आणि ती आपणच करणार, असं बाईंनी सांगितलं आहे. आडोशाच्या झाडांच्या बागेकडच्या फांद्या पानगळीनंतर उतरवायच्या आहेत. सावलीतल्या दोन झाडांना त्याने उजेड पुरतो का, ते तेराव्या वसंतात मोजून कळेल.